कूलर सोडून सगळं द्यायचं होतं

फोटो काढताना मागे काय दिसतंय ते आधी बघावं, एवढी अक्कल मला रिटायरमेंट जवळ आली तरी आली नव्हती. जुना कॉम्प्युटर टेबलावर मांडला, की-बोर्डच्या फटींत साचलेला चिवडा टूथब्रशने काढला आणि फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. ‘उत्तम चालतो. सांभाळणाऱ्याने फुकट न्यावा.’ शेजारी आमचा लोखंडी कूलर उभा होता, तो कॉम्प्युटरपेक्षा ठळक आला. भिलाईचा एप्रिल. लगेच विचारणा सुरू झाली, “भाईसाहब, कूलर का पंप ठीक है ना?” कॉम्प्युटरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

“कूलर वाटाले काढला तुमी?” बायको म्हणाली. “मग मलेबी उभी करा ना फोटोत.”

वाईट याचं वाटलं की ग्रुप परक्यांचा नव्हता. स्टील प्लांटमधले आम्ही काही जण, भिलाई-3चे रेल्वेवाले, जामुलच्या सिमेंट कारखान्यातला एक इलेक्ट्रिशियन, असे सगळे कॉम्प्युटरवेडे एकेकाळी रविवारी माझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात जमायचो. याची रॅम त्याच्या मशीनला लावून बघायचो. आमचा एक नियम होता. मशीन कुणाला द्यायची तर देणाऱ्यानं ती सुरू करून दाखवायची आणि बंद घेणाऱ्यानं करायची. त्यानं बंद केली की ती त्याची. मग देणाऱ्यानं बटणाला हातसुद्धा लावायचा नाही.

आता क्वार्टर सोडून कुम्हारीच्या दोन खोल्यांत जायचं होतं. “कोणी नेला तर नेला, नाही तर मी कबाडीले बोलावते,” असं बायकोनं सांगून ठेवलं होतं. ती चूक नव्हती. मला फक्त एवढंच हवं होतं, की मशीन कुणाच्या तरी टेबलावर जावी, भंगाराच्या पोत्यात नको.

आणि जामुलवाल्याचा फोन आला. “रविवारी घरीच आहेस ना? येतो.”

मी खोका आणला, जादा वायरी गुंडाळल्या, सीड्या पुसून ठेवल्या. तो स्कूटरवर आला. पायापाशी पोतं.

“पोतं कावून आणलं बे? खोका आहे ना माझ्याकडे.”

त्यानं हसून पोतं भिंतीला टेकवलं. मी मशीन सुरू केली. पंखा घुरघुरला, जाड काचेच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली. त्यानं माउस हातात घेऊन पत्त्यांचा एक डाव खेळला, हरला. मी वाट बघत राहिलो.

“कर ना बंद.”

त्याचा हात माउसवरच थांबला. “बंद? मी न्याले नाही आलो, द्याले आलो.” पोतं उघडून त्यानं आतलं बाहेर काढलं. मी ओळखलं. माझीच जुनी मशीन होती ती. बऱ्याच वर्षांपूर्वी याच व्हरांड्यात त्यानं ती बंद केली होती.

“पोराकडे पुण्याले चाललो कायमचा. तिथं जागा नाही. तुह्याकडे राहीन नीट.”

“माझा मेसेज नाही पाहिला?”

“पाहिला ना. मले वाटलं, तू कूलर देऊन राहिला.”

सांगायला हवं होतं. क्वार्टर जाणार, कबाडी येणार, सगळं. पण त्यानं केबल माझ्याच स्क्रीनला जोडली, मशीन सुरू केली आणि हात मागे बांधून उभा राहिला. मी बंद केली. त्यानं मोठा श्वास सोडला, दोनदा चहा घेतला आणि निघाला. फाटकापाशी वळून म्हणाला, “कधीमधी सुरू करत जा तिले.”

आत माझी मशीन अजून सुरूच होती. घेणारा कुणी नव्हता, ती मीच बंद केली.

कबाडी आला तेव्हा त्यानं दोन्ही एकाच पोत्यात कोंबल्या. पोतं जामुलवाला सोडून गेला होता तेच. हातगाडी वळणाआड जाईपर्यंत मी फाटकात उभा होतो.

“चांगल्या होत्या गं दोन्ही,” मी म्हणालो. “काहीसुद्धा बिघडलं नव्हतं.”

“बिघडलं तर तुमचंबी काही नाही,” बायको म्हणाली. “तुमाले कोण नेऊन राहिलं? चला, कूलरमध्ये पाणी टाका.”