ग्रीनवरचे तिघे

साहेबांचा पाचवा बॉलही त्याच जागी पडला, तेव्हा मी खुर्चीतून उठलो.

सोलापूरबाहेर, अक्कलकोट रस्त्याला आमची गोल्फची ड्रायव्हिंग रेंज आहे. म्हणजे मोकळं माळरान, लांब एक झेंडा, आणि अलीकडून बॉल मारायचे. मी तिथला कोच. लोखंडी डोक्याच्या काठ्यांना आयर्न म्हणतात. नंबर लहान, तेवढा बॉल लांब. नवख्यांचं तसं होत नाही. त्यांचा पाच नंबर आणि आठ नंबर एकाच जागी पडतो. जरा जमू लागलं की अंतरं सुटी होतात, पण बॉल डावी-उजवीकडे सांडतात. मुरलेल्या माणसाचा प्रत्येक आयर्नचा ढीग वेगळा, आणि बाजेएवढ्या जागेत.

देशमुख साहेब रिटायर्ड इंजिनिअर. वर्षभर मधल्या गटात सांडत होते. त्या दुपारी मात्र नऊ, आठ, सात, तिन्ही आयर्नचे ढीग बाजेएवढे. रेषा तेवढी झेंड्याच्या बरीच डावीकडे.

मी खूश. माझी शिकवणी फळाला आली म्हणायची.

"साहेब, झेंडा उजवीकडं आहे."

"समोरच आहे की. थांबा, पुढचे लोक अजून ग्रीनवर आहेत."

ग्रीन म्हणजे बॉल ज्यात घालायचा त्या होलभोवतीची हिरवळ. पुढची मंडळी तिथून हलल्याशिवाय मागच्यानं मारायचं नाही, हा रिवाज. पण रेंजवर होल नसतंच. समोर नुसतं वाळलेलं गवत. साहेबांनी तिकडं हात केला, वाट बघितली, "गेले" म्हणाले आणि मारला. बरोबर तिथंच.

बॉल गोळा करणारा सिद्धाप्पा हळूच म्हणाला, "सर, तितं कोन बी न्हाय वो. हात कुनाला केला?"

साहेबांनी गाडीची किल्ली काढली. "निघतो. करमाळ्याच्या साइटवर काँक्रीट आहे." त्यांना रिटायर होऊन दहा वर्षं झालेली. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग.

किल्ली मागितली, तर फटकारलं, "मी काय प्यालोय?"

बाजूला जाऊन साहेबांच्या लेकीला फोन केला, घडलं ते सांगितलं.

"सर, पण बाबांचा खेळ तर उलट सुधारलाय म्हणता?"

"म्हणूनच घाबरलोय. लगेच या."

साहेब गाडीकडं निघाले होते. मी आडवा गेलो. म्हणालो, "साहेब, हा होल राहिला की. पण पुढचे लोक अजून ग्रीनवर आहेत."

ते थांबले.

चाळीस मिनिटं आम्ही रिकाम्या माळाकडं बघत उभे होतो. मध्येच त्यांनी विचारलं, "किती जण आहेत?"

"चार," मी ठोकून दिलं.

"नीट बघा. तीन."

लेक आली, किल्ली तिनं घेतली. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला. तरुणपणी ते उत्तम खेळायचे, हे तेव्हा कळलं; त्या दुपारी ते त्याच काळात जाऊन खेळत होते. गाडी बंद झाली. खेळ चालू आहे. लेक सोडते, घेऊन जाते.

शिष्य एकाएकी सुधारला, तर कोचनं स्वतःची पाठ थोपटण्याआधी त्याची तब्येत विचारावी. एवढं मी शिकलो.

बाकी, साहेब मारताना थांबले की आता मी इतरांनाही थांबवतो. उगाच कुणाला लागायला नको.