तांब्याच्या कलशातले जंतू

माझ्या पीएचडीचं अख्खं भवितव्य एका प्लास्टिकच्या बाटलीत होतं आणि ती बाटली मी घरी आणली. काय ही अक्कल!

बाटलीत जंतू होते. रंगाऱ्यांच्या गल्लीतून गंगेत उतरणाऱ्या नाल्याच्या गाळातून मी ते मिळवले होते. साड्यांचा रंग खाऊन जगायचे बिचारे. निळंशार पाणी द्या, आठवड्याभरात नितळ. बाकीच्या बाटल्या बिघडल्या होत्या, ही एकच उरली होती. विद्यापीठात विजेचं काम निघालं, प्रयोगशाळा दोन दिवस बंद, म्हणून ती आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरी आली.

बाबा भिक्षुकी करतात. नाल्याचं पाणी म्हटलं असतं तर बाटली बाहेरच राहिली असती, आणि कदाचित मीही. म्हणून दिलं ठोकून, "गंगेचं पाणी आहे. कामाचं आहे, कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात डोकावले तर बाटली रिकामी आणि बाबा तांब्याच्या कलशातलं पाणी पळीने हातावर घेतायत, तोंडाशी नेणार एवढ्यात,

"बाबा, नको! नाला आहे तो!"

आई झाऱ्यासकट धावत आली.

"गंगाजल कुणी प्लास्टिकात ठेवतं का?" बाबा म्हणाले. "काल संध्याकाळी स्नान करून, सोवळ्यात कलशात ओतलं. वर तुळसही घातली."

तांब्यात जंतू मरतात हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. वर तुळस! मारायचं काही बाकीच ठेवलं नव्हतं. मी तिथेच फतकल मारून भोकाड पसरलं. हे गेले म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तेच जंतू पुन्हा सापडतील याची खात्री कोण देणार?

"मेले?" बाबांनी विचारलं. "किती होते?"

"मोजता येत नाहीत."

"इतके जीव, तेही देवासमोर..." ते पाटावर बसले. खोटं बोलल्याबद्दल मला एक शब्द नाही. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नाल्यावर निघाले तर बाबा धोतर खोचून दारात उभे. एरवी नाल्याच्या बाजूने कधी जायचे नाहीत. तिथे सरळ पोटरीभर चिखलात उतरले आणि मुठीने गाळ काढून माझ्या बरणीत घालू लागले.

"असल्या घाणीत राहतात?"

"हीच खातात, बाबा. म्हणून पाणी थोडं तरी साफ होतं."

पुढे नाल्याचं जांभळं पाणी गंगेत मिसळत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं.

"जन्मभर यजमानांना सांगत आलो, गंगा स्वतःला स्वतः धुते," ते म्हणाले. "हे जंतू पुरे पडतात का गं?"

मला खोटं बोलवेना. "नाही."

ते पुन्हा वाकले आणि दोन्ही हातांनी गाळ उपसू लागले.