बुढ्याचं नाव

सत्तरच्या सुमारास मी तुमसरहून लाखांदूरकडच्या एका खेड्यात सून म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मला त्यांचं साम्राज्य दाखवलं. ही बुढ्याची बोडी, म्हणजे शेताचं लहान तळं, तो बुढ्याचा नाला, पलीकडे बुढ्याची पहाडी. पहाडी एवढी, की शेळी चार उड्यांत माथ्यावर. बुढा म्हणजे मामाजींचा खापरपणजा. जंगल तोडून त्यानं पाळ बांधली, पाणी अडवलं, धान पिकवलं, गाव वसवलं. मामाजी हे अशा थाटात सांगत, जणू कुऱ्हाडीला धार यांनीच लावून दिली. मी नवी होते तेव्हा त्यांच्या गोष्टीत बुढ्यानं एक वाघ हाकलला होता. माझं दुसरं बाळंतपण होईपर्यंत तीन झाले.

ऐंशीनंतर बोडीची दुरुस्ती निघाली. ओव्हरसियर म्हणाले, पाळीवर दगड बसवू, त्यावर बांधणाऱ्याचं नाव कोरू. मामाजींनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. साहेबांनी वही उघडून नाव विचारलं.

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही घरची रीत. बायकोनं घेतलं नाही, सुनांनी नाही, पोरांनी नाही. तलाठ्याच्या कागदांत त्याच्या नातवापासून पुढचीच नावं निघाली. सगळ्यांनी मिळून इतका मान दिला, की नाव पार बुडालं.

साहेब म्हणाले, कुठलंही जुनं नाव टाका, कोण बघतंय? वाघ वाढवताना कधी मागेपुढे न पाहणारे मामाजी नाव बनवायला मात्र तयार होईनात. दगड कोराच बसला. मला आधी हसू येत होतं. मग ताटावरून अर्धपोटी उठलेले मामाजी पाहिले आणि फार वाईट वाटलं.

चार दिवसांनी मी अंगणात तांदूळ पाखडत होते, पोरं बाजूला खेळत होती. मामाजी समोर येऊन बसले.

"बाई, माहं नाव घे."

बारा वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. पदर सावरत म्हटलं, असं कसं घेऊ?

"घे. पोरांयले आयकू जाऊ दे."

घेतलं. पहिल्यांदा नुसतंच पुटपुटले. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.