पयले तुमचा नंबर

"हात तू दे बेटा, मी ओढत नाही," असं म्हणून ती आपला तळहात मांडीवर उघडा ठेवायची आणि वाट बघायची. देऊळघाटहून बांगड्यांची पेटी घेऊन येणारी आमची मन्यारीन खाला. लग्नघरी बाया खोळंबलेल्या आणि एखादी पोरगी मुठी आवळून आईमागं दडलेली. बाया करवादायच्या, "धर ना तिचा हात!" खाला पान चघळत म्हणायची, "काऊन? हात तिचा हाय." शेवटी पोरगी आपणहून हात पुढे करायची. तुम्ही तिच्यापुढे बसला असतात तर तुम्हीही केला असता.

अशी शांत बाई मी पिसाळलेली पाहिली ती चुलत बहिणीच्या लग्नात.

तेव्हा बीटी कपाशीचं नवं नवं वेड होतं. सगळ्यांना हवं ते वाण आमच्या कृषी केंद्रवाल्याकडेच, आणि तो दुकानदार मनात आणेल त्यालाच बियाण्याच्या थैल्या. त्यामुळे कुठल्याही मांडवात त्याला मानाची खुर्ची. आणि मेल्याची खोड अशी, की पोरगी दिसली की ओढून मांडीवर घ्यायचा. "पापा दे, मंगच सोडतो." आम्ही अंग चोरायचो, मोठी माणसं हसायची.

त्या दिवशी मी बांगड्या भरायला बसले होते, तर यानं मागून माझं मनगट धरलं. "नको, नको," मी रडकुंडीला आले. आई बाबांकडे बघत पुटपुटली, "दे नं माय, काका हायेत." पेरणी तोंडावर आली होती.

खालानं पेटीतली सगळ्यात मोठी हिरवी बांगडी उचलली. "शेठ, पयले तुमचा नंबर."

त्याला गंमत वाटली. हसत त्यानं दुसरा हात पुढे केला, कधी कापूस न वेचलेला मऊ हात. खालानं त्याच्या अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि बांगडी चढवायला घेतली.

"अवं सोड, दुखते!"

"नको म्हटलं का सोडा लागते? मले वाटलं, तुमच्यात नाही सोडत."

माझं मनगट केव्हाच सुटलं होतं. बांगडी त्याच्या मनगटात जाऊन बसली ती निघेना. फोडायला गेला तर बायाच ओरडल्या, "शुभकार्यात काच फोडता काय?" झक मारत तसाच पंगतीला बसला. घासाघासाला बांगडी ताटावर वाजायची. मला इतका आनंद झाला की मी बुंदी पुन्हा पुन्हा मागून घेतली.

त्या हंगामात बाबांना ते वाण मिळालं नाही. दुकानदाराच्या गोतावळ्यानं खालाला बोलावणं सोडलं. आईनं मात्र प्रत्येक सणाला तिला ओसरीवर बसवून चहा पाजला, आणि मला पुन्हा कधी कुणाला पापा दे म्हटलं नाही.

खाला गेली. मातीला मी पोचू शकले नाही, त्याची हळहळ अजून आहे. तो दुकानदार मात्र जिवंत. परवा माहेरी चुलत भावाच्या लग्नात भेटला. म्हातारा झालाय, खोड तीच. माझ्या पोरीकडे वाकला, "ये, पापा दे." ती माझ्यामागं दडली.

मी हसून त्याचा हात हातात घेतला, अंगठ्याचं हाड चाचपलं आणि आत दाबलं.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओळख पटली.

"नको बाई," तो म्हणाला.

मी लगेच सोडला नाही.