रोहिदासचं नाव

शालनबाई पिंपरीला आली ती भावाच्या मागोमाग. भाऊ भिमाजी तिथल्या औषधांच्या कारखान्याच्या बांधकामावर गवंडी होता. कारखाना चालू झाल्यावर त्यानंच तिला बाटल्या धुण्याच्या खात्यात लावून दिलं. दिवसभर वाफेत उभं राहायचं, इंजेक्शनच्या बाटल्या गरम पाण्यातून काढायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या. तिची कशाबद्दलच तक्रार नसते, असं खात्यातल्या बायका म्हणत.

ती गोव्याची, डिचोलीकडची. नवरा रोहिदास हद्दीवरच्या जकात नाक्यावर पाणी भरायचा. चोपन्न साली गोवा सोडवायला निघालेल्या एका गुप्त गटानं त्या नाक्यात स्फोट घडवला. एक शिपाई मेला आणि रोहिदास मेला. इकडच्या वर्तमानपत्रांत ‘दोन पोर्तुगीज शिपाई ठार’ असं छापून आलं. रोहिदास पोर्तुगीज नव्हता आणि शिपाईही नव्हता. तिकडच्या सरकारनंही तो आपला नोकर नव्हे म्हणून हात वर केले. पाणक्याला शिपाईच आपसांत पैसे काढून काहीबाही द्यायचे. गावात आधारासारखं कुणी राहिलं नाही, तेव्हा ती भावाकडे निघून आली. पुढं हद्द बंद झाली आणि परत जायचा प्रश्नच मिटला.

छप्पन सालच्या पंधरा ऑगस्टला कारखान्याच्या फाटकाबाहेर मांडव घातला होता. चिंचवडच्या सोपानरावांचा सत्कार होता. माणूस तिशीचा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, एका पायानं अधू. बोलणाऱ्यानं त्यांची कामगिरी सांगितली: कुठला नाका, कुठली नदी, बाजाराचा दिवस, भरदुपार. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या शालनबाईनं ते सगळं ऐकलं. तो रोहिदासचाच नाका होता. टाळ्या झाल्या. ती कामावर गेली आणि संध्याकाळी भावाला म्हणाली, “वकिलाला विचारायचंय.”

उद्धवराव वकील चिंचवडलाच राहायचे. त्यांनी तिचं नीट ऐकून घेतलं.

“बाई, गुन्हा त्यांच्या हद्दीत घडला. तेव्हा माणूस मागायचा तो पोर्तुगालनं. त्यांचे-आपले संबंध गेल्या वर्षीच तुटले. आणि मागितला तरी आपलं सरकार देणार नाही. हा राजकीय मामला.”

“दोन्ही देशांनी मानायचा असा कायदाच नाही का?”

“लिहिला होता एकदा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, जिनिव्हाला. फ्रान्समध्ये पाहुणा आलेल्या एका परक्या राजाला गोळ्या घातल्या, त्यानंतर. असा घातपात करून कुणी दुसऱ्या देशात पळाला, तर एक तर त्याच्यावर तिथं खटला चालवायचा, नाहीतर ज्याचा त्याला सोपवायचा. वीस-पंचवीस देशांनी सह्या केल्या. पोर्तुगालनं नाही केली. पुढं त्या कराराला पक्की मंजुरी दिली फक्त हिंदुस्थान सरकारनं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांनी. त्यांना इथल्या क्रांतिकारक पोरांची धास्ती होती. मग लढाईत सगळं राहून गेलं. तो कधी अमलातच आला नाही.”

“राजा मेला म्हणून लिहिला,” शालनबाई म्हणाली. “मग पाणक्याचं त्यात काय असणार.”

उद्धवरावांनी पंच्याच्या टोकानं चष्मा पुसला. “सोपानरावांना फाशी व्हावी, असं तुम्हांला वाटतं का?”

“नको. फाशी नको.” मग काय हवंय, हे तिला तिथं सांगता येईना.

पुढच्या रविवारी ती भिमाजीला घेऊन सोपानरावांच्या घरी गेली. त्यांच्या आईनं चहा ठेवला. शालनबाईनं कुठलं गाव, कुठला नाका, नवऱ्याचं नाव आणि ते तिथं पाणी भरायचे, एवढंच सांगितलं. सोपानरावांच्या हातातली बशी तशीच राहिली.

“आमी पलीकडून पाळत ठेवली व्हती,” ते म्हणाले. “शिपाई दुपारचं जेवायला जायाचे. आत कुणी नसंल असं वाटलं. पाणी भरणारा आमाला दिसलाच न्हाई.”

“ते मागच्या दारानं जायचे. नदीकडून.”

“व्हय. ती बाजू आमाला दिसत नव्हती.” त्यांनी बशी खाली ठेवली. “पोर्तुगीज मला शोधत्यात. कधी वाटतं, जावं आणि हजर व्हावं.”

“तुम्ही तिकडं जाऊन मला काय मिळणार? मला तर बघायलाही येता येणार नाही,” शालनबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग आणायचा तरी कुठून, इतकी ती थकली होती. “पुढच्या वेळी सत्कार झाला की त्यांचं नाव घ्या. ते शिपाई नव्हते, एवढं सांगा.”

सोपानराव सत्काराला नको म्हणू लागले होते, पण पुढच्या सव्वीस जानेवारीला मुद्दाम गेले. कारखान्यातल्या बायकांबरोबर शालनबाईही होती. ते उठले आणि म्हणाले, “त्या नाक्यावर रोहिदास नावाचा एक गरीब माणूस गेला. त्याचा कशात काही संबंध नव्हता—” मागून कुणीतरी ओरडलं, “हुतात्मा रोहिदास अमर रहे!” सगळ्या मांडवानं तेच उचललं. सोपानराव हात वर करून थांबा, थांबा म्हणत राहिले. लोकांना वाटलं, माणूस गहिवरलाय. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला मांडवात गोव्यातल्या हुतात्म्यांचा फलक लागला. खालून तिसऱ्या ओळीत रोहिदासचं नाव होतं.

भिमाजी चिडला. “हे खोटं आहे. मी जाऊन पुसायला लावतो.”

“पुसून काय लिहिणार ते? पाणक्या?” शालनबाईनं विचारलं.

ती फलकासमोर जरा वेळ उभी राहिली. बाजूला सोपानराव काठी टेकून उभे होते. शिफ्टचा भोंगा झाला तशी तिनं पदर खोचला आणि फाटकातून आत गेली.