सत्त्याण्णव

बोटावरच्या यंत्रात सत्त्याण्णव आले होते आणि माझा नवरा डोळे उघडत नव्हता. मी त्यांच्या गालावर चापट मारली. मान कलली ती तशीच राहिली.

"बाबाला झोपू दे, आये," मुलगा म्हणाला. "नंबर बघ ना. दोन दिवसांत पयल्यांदा चांगला आलाय."

"झोपलेला माणूस चापट मारली की शिव्या देतो. हा का नाय देत?"

करोनाची दुसरी लाट होती. पनवेलमध्ये खाट मिळत नव्हती, म्हणून करंजाड्याच्या घरीच ऑक्सिजनचं मशीन आणून न्यूमोनियाचं औषध चालवलं होतं. नवऱ्याची छाती आधीच गेलेली. मिठागरात राबले आणि चाळीस वर्षं बिडी ओढली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, यांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव पुरे, वर चढवू नका. मी चौथी शिकले, पण आकडे मला कळतात.

मी मशीनकडे बघितलं. नळीतली गोळी दोनवर असायची, ती पाचवर नाचत होती.

"कोणी वाढवलं?"

"मी. सकाळी सत्त्याऐंशी होता. टीव्हीवर सांगतात, चौऱ्याण्णवच्या खाली धोका." त्याची काकी चार दिवसांपूर्वीच आकडा घसरत घसरत गेली होती. तो घाबरला होता.

मी चावी फिरवून गोळी दोनवर आणली. त्याने माझा हात धरला. "मारशील त्याला."

"मारत तू होतास. हात सोड आणि डॉक्टरला फोन लाव."

पाचव्यांदा लावल्यावर डॉक्टरांनी उचलला. म्हणाले, "दोनवरच ठेवा, पण बंद करू नका. अशा छातीला जास्त ऑक्सिजन दिला की आतला खराब वायू बाहेर पडत नाही, गुंगी चढते. उठवून बसवा. मी गाडी पाठवतो."

मी मागे बसून त्यांना छातीशी टेकवलं. आकडा उतरू लागला. त्र्याण्णव. नव्वद. अठ्ठ्याऐंशी.

"आणखी उतरला तर?"

"गप बस."

मी यंत्राकडे बघत नव्हते. पापण्यांकडे बघत होते आणि मधून मधून चापट मारत होते. गाडी येईपर्यंत पापणी हलली.

"अगो, किती मारशील?" ते पुटपुटले.

दवाखान्यात सहा दिवस घट्ट मास्कच्या मशीनवर ठेवलं. मग न्यूमोनिया उतरला. ते वाचले. मुलालाही तोच आजार झाला, तोही वाचला. मला काही झालं नाही.