गव्हाचा नेम आणि नॉर्मल रिपोर्ट

आमच्या घरात डॉक्टरकी सगळ्यांना येत होती, फक्त डॉक्टर कुणी नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी साताऱ्यात एका शाळेत लहान वर्गांना शिकवत होते. हे फौजेत हवालदार, वर्षातून एकदा रजेवर यायचे. सासूबाई सांगलीजवळच्या आमच्या गावी ऊस आणि दोन म्हशी सांभाळून होत्या. लेक माझ्याजवळ असायची, माझ्याच शाळेत शिकायची. वयानं सात, अंगानं जेमतेम पाच. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं पुढं आलेलं आणि दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे धाव, वर रात्रभर पोटात कळ. यावर ज्याला त्याला इलाज माहीत होता. शेजारीण म्हणाली जंत, आमच्या हेडबाई म्हणाल्या दृष्ट, माझी आई म्हणाली मुडदूस. जंताचं औषध तिला इतक्यांदा पाजलं की पोटात एखादा जंत असलाच, तर तोही कंटाळून निघून गेला असेल.

शेवटी साताऱ्यातल्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजन केलं, उंची मोजली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, हिला गहू सोसत नसावा. असा आतड्याचा एक आजार असतो, उत्तरेकडे जास्त दिसतो, आपल्याकडे कुणी फारसा शोधत नाही. रक्त मुंबईला पाठवून तपासून घेऊ. ज्येष्ठ महिना चालू होता. मी यांना पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की, मी दिवाळीला येतोय, तोवर काही करायचं नाही. फौजेत निर्णय वरिष्ठ घेतात आणि घरात वरिष्ठ कोण, हा प्रश्न यांनी कधी मतदानाला टाकला नव्हता. डॉक्टरही म्हणाले, ठीक, दिवाळीनंतर करू. मधल्या काळात तिनं काय खायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवसभर वर्गात मुलांना प्रश्न विचारून माझ्याकडचे बहुधा संपले असावेत.

चातुर्मास लागला. चातुर्मासात आमच्याकडे प्रत्येकजण काहीतरी सोडतो. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं सोडतं, काही हुशार मंडळी कारलं सोडतात. मी गहू सोडला, माझाही आणि लेकीचाही. विचार अगदी सरळ होता. डॉक्टरांना संशय गव्हाचा, तेव्हा गहूच देवापुढं ठेवावा आणि म्हणावं, रिपोर्ट तेवढा चांगला येऊ दे. पोरगी बरी होऊ दे असं मी मागितलं नाही, हे आता लक्षात येतं. मी बाई रिपोर्ट मागितला. देवानंही मागितलं तेवढंच दिलं.

नेम मी असा पाळला की कुठल्या डॉक्टराचं पथ्य कुणी पाळलं नसेल. पथ्यात माणूस पळवाट शोधतो, नेमात शोधत नाही, कारण डॉक्टरला फसवता येतं. चपाती बंद, शिरा बंद, शेवया बंद. बिस्किटं मैद्याची आणि मैदा गव्हाचाच, म्हणून बिस्किटं बंद. वाणी बोलता बोलता म्हणाला की हिंगाच्या डबीत कणीक मिसळलेली असते. हिंगही बंद. चार महिने ज्वारीची भाकरी, भात, वरी, शेंगदाणे.

आणि पोरगी सुधारली. गणपतीपर्यंत पोट बसलं, कोजागिरीपर्यंत गालांवर मांस आलं. गल्लीत लंगडी खेळताना ती पडायची बंद झाली. मी श्रेय देवाला दिलं, शेजारणीनं जंताच्या औषधाला दिलं, हेडबाईंनी मिठा-मिरच्यांना दिलं. गहू बंद झालाय म्हणून असेल, असं एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही, आणि त्या शहाण्यांमध्ये मी पहिल्या बाकावर बसले होते.

दिवाळीला हे आले. भाऊबीज झाली आणि आम्ही लेकीला रक्त द्यायला नेलं. नेम अजून सुटला नव्हता, कार्तिकी एकादशीला आठवडा होता. उपाशीपोटी या असं कुणी सांगितलेलं नसताना मी तिला सकाळपासून उपाशी ठेवलं. न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक घातला, कपाळाला अंगारा लावला. तपासणीला कसं स्वच्छ जावं. तीन आठवड्यांनी मुंबईहून कागद आला. इंग्रजीत टाइप केलेला, खाली सही, शिक्का आणि मध्ये एकच कामाचा शब्द, नॉर्मल. यांनी तो तीनदा वाचला आणि म्हणाले, “रिपोर्ट क्लिअर. विषय संपला.” मग पोवई नाक्यावर जाऊन त्यांनी तो लॅमिनेट करून आणला.

नेम फेडायला आम्ही गावी गेलो. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या. देवाला नैवेद्य दाखवला आणि लेकीनं दूध-तूप घालून तीन पोळ्या खाल्ल्या. सगळे समाधानी होते. तिच्या आतड्यांचं मत कुणी घेतलं नाही.

पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. तेच पोट, तीच धाव, तीच रात्रभर कळ. पण एक फरक पडला होता. रिपोर्टाआधी ती आजारी होती, आता ती नाटकी झाली. यांचं पत्र आलं, मुलीला शिस्त लाव. साताऱ्याच्या डॉक्टरांनी लॅमिनेट केलेला कागद पाहिला आणि टॉनिक लिहून दिलं. मी तर शिक्षिकाच. पेपर तपासून झाला, मार्क पडले, आता फेरतपासणी कसली? डब्यात रोज दोन चपात्या आणि भाजी द्यायची आणि डबा रिकामा परत आला की खूश व्हायचे.

एका दुपारी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं मुंग्यांची रांग दिसली. रांगेच्या शेवटी आठ-दहा चपात्या होत्या, काही वाळून कडक झालेल्या. लाटलेल्या माझ्याच, माझा हात मला ओळखू येतो. मी तिला तिथंच बोलावलं. ती म्हणाली, “पोटात दुखतं म्हणून टाकल्या.”

मी तिच्या कानाखाली वाजवली आणि म्हणाले, “रिपोर्टात काही नाही. खोटं बोलू नकोस.”

ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं डबा खाल्ला आणि पोट दुखतं असं पुन्हा कधी म्हणाली नाही. शिस्त लागली, असं मी यांना अभिमानानं कळवलं. ते पत्र आता कुठं सापडलं तर मी ते फाडून चुलीत घालीन. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मे महिन्यात सुट्टी लागल्याबरोबर गावी गेलो. नातीला बघून सासूबाईंनी हातातली घागर खाली ठेवली. चातुर्मासात पोरगी टुणटुणीत हुती, मग आता काय झालं, असं त्यांनी मला चार वेळा विचारलं. त्यांचं निदान तयार होतं. नेम फेडताना काहीतरी चुकलं, पुन्हा नैवेद्य करावा लागंल, या खेपंला पाच पोळ्या. सुदैवानं त्यांचा मिरजेवरही विश्वास होता, कारण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथं झालं होतं. पोळ्यांच्या आधी मिरज उरकून घेऊ म्हणाल्या आणि आम्ही तिघी सांगलीहून बस बदलून मिरजेला गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी लॅमिनेट केलेला रिपोर्ट रेशनकार्डासारखा पुढं केला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

“हे रक्त दिलं तेव्हा ही गहू खात होती?”

“एक कणसुद्धा नाही,” मी ताठ मानेनं म्हणाले. “चार महिन्यांचा नेम होता. हिंगसुद्धा दिला नाही.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग शांतपणे समजावलं. हा आजार असलेलं शरीर गहू पोटात गेला की चिडतं आणि त्या चिडण्याच्या खुणा रक्तात उतरतात. गहू थांबला की काही महिन्यांत त्या ओसरतात, मग तपासणीला सापडणार काय? म्हणून या तपासणीला गहू खातच यावं लागतं. “तुम्ही आधी चूल विझवलीत,” त्या म्हणाल्या, “आणि मग घरात धूर आहे का बघायला माणूस बोलावलात.”

 बोलल्या त्या सासूबाई. “म्हंजे आवं, नेमानं पोरगी बरी झाली, आन् नेमानंच रिपोट फसला?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी बरोबर. वीस वर्षं शिकवून मला न उमगलेला धडा त्या निरक्षर बाईनं एका दमात वाचला. मी घाईघाईनं म्हणाले, आजपासून गहू बंद करते. तर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. मुळीच नाही. पुन्हा तीच चूक करायची नाही. रक्त आजच घेऊ, पण नुसत्या रक्तावर त्या विसंबणार नव्हत्या. ती तपासणी कधी आजार नसलेल्याला आहे म्हणते, तर कधी असलेल्याला नाही म्हणते. घशातून नळी घालून आतड्याचे चार-पाच ठिकाणचे बारीक तुकडे घ्यायचे, कारण एक जागा चांगली आणि शेजारची खराब असू शकते. मग गहू सोडायचा आणि पोरगी सुधारते का बघायचं. तिन्ही गोष्टी एकच सांगत असतील तर आजार खरा. नळीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर रोज दोन चपात्या.

घरी आल्यावर मी लेकीला समोर बसवलं. सांगितलं की तुझं खरं होतं, तुला चपातीच बाधते. पण डॉक्टरांना ते दिसायला हवं, म्हणून अजून एकवीस दिवस खायची. इतके महिने मी तिला न समजून खायला घातलं होतं, आता समजून घालायचं होतं. हे जास्त अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. सासूबाई चपात्या करून द्यायच्या, पण वाढायच्या नाहीत. तवा उतरवला की गोठ्यात निघून जायच्या. वाढायचे मी.

पहिल्या दिवशी तिनं घास तोंडाजवळ नेला आणि थांबून मला विचारलं, “आई, दुखलं तर सांगू का?”

“सांग,” म्हणाले. एवढं म्हणायला मला एक वर्ष लागलं होतं.

ती रोज सांगायची. मी रोज ऐकायचे. दुसरं काही करता येत नव्हतं. एकविसाव्या दिवशी मिरजेत नळी घातली आणि पंधरवड्यानं दोन्ही रिपोर्ट हातात आले. रक्त वाईट, आतडं त्याहून वाईट. आतली बारीक लव झिजून सपाट झालेली. तो कागद वाचून मला इतका आनंद झाला की दवाखान्याच्या दारातल्या रिक्षावाल्यानं विचारलं, मुलगा झाला का? यांना एसटीडी बूथवरून फोन केला. हे म्हणाले, पण आधीचा क्लिअर होता. मी म्हटलं, होता. त्यावर विचार करून म्हणाले, दोन ऑर्डरी आल्या तर नंतरची पाळायची असते. आमच्या संसारात यांनी घेतलेली ही पहिली माघार, आणि तीही नियमानुसार.

त्या संध्याकाळी ओसरीवर मी लेकीला रिपोर्ट मराठीत करून सांगितला. तिच्यापुढं ताटात भाकरी होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि कागदावर बोट फिरवत विचारलं, “यात मी खोटं बोलत नव्हते असं कुठं लिहिलंय?”

मी कागद खालपर्यंत पाहिला. आतड्याची मापं होती, पेशी होत्या, तपासणाऱ्याची पदवी होती. ते कुठंच नव्हतं. मी पर्समधला लाल पेन काढला आणि शिक्क्याच्या खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं, मुलगी खोटं बोलत नव्हती.

तिनं ते अक्षर लावून वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

“सही कर,” म्हणाली. “सही नसली तर कुणी खरं मानत नाही.”

मी सही केली.